केईएमची रांग आठवीतच धरा

परळच्या भोईवाड्यात मुलगा नववीत गेला की घरातला पहिला मोठा खर्च क्लासचा असतो. चाचणीत मार्क घसरले की क्लास बदलतो, आणखी घसरले की गणिताचे सर घरी यायला लागतात. मुलगा नेमका कुठे अडतोय, हे मात्र कुणी तपासून घेत नाही. ते तपासणारी माणसं आचार्य दोंदे मार्गावरच्या केईएम रुग्णालयात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडे जायला क्लासच्या एका हप्त्याइतकेही पैसे लागत नाहीत.

मूल अभ्यासात मागे पडलं तर त्यामागचं कारण जाणकारांनी शोधायचं असतं, हा विचार मुंबईत जुना आहे. 1936 मध्ये नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. दुसऱ्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका यांनी एकत्र बसून एकाच मुलाचा विचार करायचा, अशी तिथली रीत. हे केंद्र पुढे आपल्या परळच्या वाडिया बालरुग्णालयात चाललं.

ज्या मुलाला तोंडी सगळं येतं आणि पेपरात काहीच उतरत नाही, त्याची वर्गातली वही एकदा शांतपणे उघडा. गृहपाठाची नको, फळ्यावरून उतरवून घेतलेली बघा. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल झालेली असते. वेलांट्या गळलेल्या, जोडाक्षरं तुटलेली, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. 36 चे 63 झालेले. तास संपला तरी उतारा अर्धाच. वर्षानुवर्षं असंच चाललं असेल तर त्याला आळशी म्हणू नका. ती अध्ययन अक्षमता असू शकते, शाळेत जिला सगळे ‘एलडी’ म्हणतात. अशा मुलाची बुद्धी चारचौघांसारखी किंवा त्याहून चांगली असते, अडचण फक्त वाचण्या-लिहिण्यात किंवा आकडेमोडीत असते. त्याला ‘ढ’ म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे रोज होतो.

तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत आहे. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण फळा न दिसणारं मूलही मागेच पडतं. मग बुद्ध्यंक चाचणी, त्यानंतर विशेष शिक्षकाकडून वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी. शाळेचं पत्र, जुनी प्रगतिपुस्तकं आणि वह्या सोबत न्या. प्रत्येक चाचणीची तारीख वेगळी मिळते, रांग मोठी असते, त्यात महिने जातात. शिवाय सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे परीक्षेच्या बराच आधी पोचावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही. म्हणून आठवीत सुरुवात करा.

प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ मिळतो, खालच्या इयत्तेतला लेखनिक घेता येतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क कापले जात नाहीत. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही मुभा आहे. ही शेवटची सवलत मात्र घाईने घेऊ नका. तिच्यामुळे पुढे विज्ञान शाखेची वाट जवळपास बंद होते. मुलाला गणित समजतंय आणि फक्त लिहिताना गडबड होतेय, तर जादा वेळ आणि लेखनिक एवढ्यावर भागू शकतं. हा निर्णय समुपदेशक आणि विशेष शिक्षक यांच्याशी बोलून घ्यावा, शेजारच्यांचं ऐकून नव्हे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तपासणीच टाळणारे पालक फार आहेत. त्यांना एवढंच सांगते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. इथे कुणी दया दाखवत नाही, मुलाला त्याचा हक्क मिळतो.

अडचण अभ्यासाची नसून मनाची असेल, म्हणजे झोप उडाली, जेवण सुटलं, मूल गप्प गप्प राहायला लागलं, तर आधी वर्गशिक्षकांना भेटा. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांची वेळ घ्या. नसतील तर केईएमच्या मानसोपचार विभागात जा. रात्री-अपरात्री 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरवा. ही सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मदत डॉक्टर-समुपदेशकांपुरतीच नसते, पण शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कना आपण मदतनीस समजतच नाही. बोनाफाईड, शिष्यवृत्तीचा अर्ज, नावातली चूक, जातीच्या दाखल्यासाठी लागणारा शाळेचा उतारा, हे सगळं त्यांच्याच टेबलावरून जातं. अकरावीच्या प्रवेशात अनेक मुलं मार्कांमुळे नाही, कागदांमुळे अडकतात. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी ताडून बघा.

दहावीत एखाद-दोन विषय राहिले तरी वर्ष गेलं असं समजू नका. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, शिवाय दोन विषयांपर्यंत एटीकेटी घेऊन अकरावीत जाता येतं. घरच्या परिस्थितीमुळे दिवसा काम करावं लागत असेल तर रात्रशाळा आहे. कामगार पुढारी ना. म. जोशींनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी इथे असे वर्ग चालवले होते. आज ‘मासूम’सारखी संस्था मुंबईतल्या रात्रशाळांना पुस्तकं, खाऊ आणि फिरती प्रयोगशाळा पुरवते. कामावरून थेट वर्गात आलेल्या मुलाच्या पोटात आधी काहीतरी जायला हवं, हे ओळखणारी मदत मला फार मोलाची वाटते.

मुलांनो, हे मदत करण्याचं काम तुम्हालाही करता येईल. समाजकार्यासाठी टिस आणि निर्मला निकेतन, विशेष शिक्षणासाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ अशी ठिकाणं मुंबईतच आहेत, आणि कला शाखेतून मानसशास्त्र घेऊनही या क्षेत्रात येता येतं. विशेष बी.एड. किंवा क्लिनिकल सायकॉलॉजी निवडताना तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला आहे ना, हे प्रवेशाआधी तपासा, कारण परिषदेची नोंदणी नसेल तर हे काम अधिकृतपणे करता येत नाही. पालकांनीही खासगी विशेष शिक्षक लावताना फी ठरवण्याआधी हाच नोंदणी क्रमांक मागावा.