गाडीतून उतरलास म्हणे

मुरगूड,
ता. १२ डिसेंबर

चि. बाळू यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल आहेत. आजीचा गुडघा तेवढा थंडीनं धरलाय, ते दरवर्षीचंच. काळजी आहे ती तुझी.

सरवड्याच्या पाहुण्यांकडून बातमी आली ती अशी. गेल्या रविवारी तू आणि तुझे पुण्याचे मित्र दाजीपूरला गेलात, सड्याच्या अलीकडं जीप थांबवायला लावलीत, आणि गव्यांचा कळप रस्त्याकडेला चरत असताना तू खाली उतरून व्हिडिओ काढलास. गाडीवाला मागून ‘साहेब, बसा, साहेब, बसा’ म्हणत राहिला. तो व्हिडिओ आता गावातल्या निम्म्या फोनांत फिरतोय. मामीनं दाखवला तेव्हा मामाला तू आधी ओळखूच आला नाहीस. आक्कानं, तुझ्या आईनं, विणलेला मरून स्वेटर दिसला, मग ओळखलास. बातमी पोचेपर्यंत वाढते, हे गावात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. पण व्हिडिओत त्या गाडीवाल्याचा आवाज ऐकू येतो, आणि तू मागं वळूनसुद्धा बघत नाहीस.

तुझ्या मामाचं निम्मं आयुष्य निपाणी-राधानगरी रस्त्यावर गेलं. फोंडा घाटातून खाली माल नेताना दाजीपूरच्या वळणांवर त्यानं गवे कितीदा पाहिलेत. चारी पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, पाठीवर उंचवटा, अंग तुकतुकीत काळं. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत जातो. त्या मानानं तो गरीब दिसतो, आणि त्याच दिसण्यावर माणूस फसतो. धावून यायच्या आधी गवा बहुधा आडवा उभा राहतो, आपली सगळी बाजू दाखवतो, मान खाली घालतो, नाकातून फुस्स करतो. तुझ्या व्हिडिओत डावीकडचा नर आडवा उभा आहे बघ. तुला वाटलं, फोटोसाठी उभा राहिलाय.

२०२१ च्या डिसेंबरात कोल्हापूरच्या वेशीपर्यंत गवा आला होता, आठवतं? बघ्यांची झुंबड उडाली, आणि करवीर तालुक्यातल्या भुयेवाडीत एक तरुण पोरगा त्याच्या धडकेनं गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ९ डिसेंबर २०२० ला, तुझ्या कोथरूडात गवा शिरला. तिथं उलटं झालं. माणसांनी त्याला तासन्‌तास पळवला, दमवला, आणि पकडल्यावर तो मेला. तेव्हा तूच आक्काला फोनवर सांगत होतास, ‘लोकांना अक्कल नाही.’ ती अक्कल दाजीपूरला येताना कुठं ठेवून आलास?

दाजीपूरचं रान कोल्हापूर संस्थानच्या शिकारीचं राखीव रान. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं. राज्यातलं ते सगळ्यात जुनं अभयारण्य. १९८५ साली त्याची हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं, आज साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात आपलं राधानगरीही आहे. मुरगूडच्या माणसाला हे पाठच असतं, आणि त्याचा जरा गर्वही असतो. मग तिथल्या जनावराला छेडू नये, कचरा टाकू नये, जाळ करू नये, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात लिहिलंय म्हणून आपण पाळायचं का? राधानगरीच्या रानाचा गर्व असलेल्या घरातल्या पोराला हे कायद्यानं सांगावं लागावं, याची मामाला शरम वाटते.

एवढं असतं तर मामानं फोन करून दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण आक्का म्हणाली, नाताळच्या सुट्टीत तू केदारकंठ्याला निघालायस. तेव्हापासून तो ‘साहेब, बसा’ कानातून जात नाही.

केदारकंठा म्हणजे काय, ते मामानं माहिती काढलीय. उत्तराखंडातला उत्तरकाशी जिल्हा, गोविंद राष्ट्रीय उद्यान, पायथ्याला सांक्री गाव. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. सांक्री गावच त्याच्याहून उंच आहे. म्हणजे जिथं आपला सह्याद्री संपतो, तिथून तुझी चढाई सुरू होणार आणि शिखर ३८०० मीटरच्या आसपास. देवदार, बांज, पाईनचं रान, जुडा का तालाबजवळ तंबू, आणि शेवटच्या दिवशी पहाटे तीनच्या सुमाराला अंधारात बर्फावरून वर. ‘सोपा ट्रेक’ म्हणून सगळीकडं त्याची जाहिरात आहे. सोपा आहेही म्हणतात. सोप्या जागी माणूस जास्त बेफिकीर होतो, एवढंच.

तिथं सगळ्यात आधी त्रास देते ती हवा. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेनं डोकं धरतं, मळमळतं, जेवण नको होतं, झोप लागत नाही. जिममध्ये शंभर किलो उचलणाऱ्यालाही होतं आणि सत्तरीच्या बाईला होत नाही, असंही घडतं. दंडाच्या बेटकुळ्यांशी त्याचा संबंध नाही. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही, आणि दुखणं वाढलं, चाल अडखळायला लागली, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचायला लागलं की खाली उतरणं हाच मुख्य इलाज. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, मित्राच्या खिशातली नाही.

दुसरी थंडी. तू म्हणशील, थंडी काय, मुरगूडलाही पडते. इथली थंडी शेकोटीपुढं पळते, लेका. तिथं घामानं भिजलेला सुती बनियन अंगावर राहिला आणि वारा सुटला, तर माणूस आतून गार पडत जातो. आधी कुडकुडतो. मग जीभ जड होते, बोटांनी चेन लागत नाही, काहीतरी असंबद्ध बोलतो. आणि कुडकुडणं थांबलं की बरोबरच्यांना वाटतं, बरं झालं, ऊब आली. तेव्हाच तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो. म्हणून आत लोकरीचं किंवा सिंथेटिक कापड, मध्ये उबदार थर, वर वारा अडवणारं जॅकेट, आणि एक जोड कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधून. बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळायची नाहीत, बर्फानं तर मुळीच नाही, आणि जाळावरही धरायची नाहीत. दारूनं ऊब येते असं तुझ्या मित्रांपैकी एखादा म्हणेल. कातडीला गरम वाटतं, आतली ऊब बाहेर जाते. बंद तंबूत शेगडी नको. विषारी वायूनं झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या तूही वाचतोस.

आणि उत्तरकाशी म्हणजे काय जिल्हा आहे, हे एकदा नीट ऐक. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलन झालं. नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकायला आलेली आणि शिकवणारी माणसं त्यात सापडली, पंचवीसच्या वर गेली. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिनं सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते. २०२४ च्या जूनमध्ये, भर उन्हाळ्यात, सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या ट्रेकर मंडळींना हिमवादळानं गाठलं. नऊ जण परतले नाहीत.

यातल्या कुणाचं काय चुकलं, हे मुरगूडात बसून ठरवायचा आगाऊपणा मामा करणार नाही. जाणकारालाही डोंगर सोडत नाही. सांदण दरी ट्रेकर मंडळींच्या नकाशावर आणणारे अरुण सावंत उभा जन्म सह्याद्रीत वावरले, आणि जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेले. अशा माणसापुढं हात जोडावेत, एवढंच आपल्या हातात.

पण नथुलाची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल २०२३, सिक्कीम. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतचा परवाना होता. गाड्या पंधराव्या मैलापर्यंत गेल्या. वरून बर्फाचा लोंढा आला आणि सात माणसं गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनीच हे सांगितलं. तेरा मैलांवर कुणीतरी ‘बस’ म्हणून ठेवलं होतं, बाळू. मामा पुन्हा पुन्हा तिथंच का येतो, ते आता कळलं असेल.

तुझं नेमकं हेच बिघडलंय, आणि मामाला त्याचीच धास्ती आहे. अक्कल तुला आहे, पायात जोर आहे, पैसेही मिळवतोस. पण रोजंदारीवरचा गाडीवाला, रानातला वॉचमन, डोंगरातला गाईड काही बोलला की ते तुला ऐकूच येत नाही. सांक्रीचा पोरगा सकाळी आभाळाकडं बघून म्हणेल, ‘आज वर नको, साहेब.’ तू चौदा हजार भरलेत, सुट्टी चारच दिवसांची आहे, फोनमध्ये शिखराचा फोटो हवाय. त्या वेळी तू ऐकणार आहेस का?

यावर तुला एक सांगायचंय, आणि आक्काला ते माहीत नाही.

मामा विशीत असताना जानेवारीत रांगण्याला गेला होता, बरोबर गावातलेच चौघे. पायथ्याला धनगराच्या खोपटात पाणी प्याले. म्हातारा म्हणाला, ‘वर जाळ करू नका, पोरांनो, गवत वाळलंय.’ होय म्हणाले. रात्री थंडी झोंबायला लागली तसं लाकूड गोळा केलं, जाळ केला, गाणी म्हटली. मध्यरात्री वारा फिरला. एक ठिणगी उताराकडं गेली, आणि बघता बघता गवताची रेघ लाल होत खाली निघाली. ओल्या फांद्यांनी बडवत बसले, हात भाजले, उपयोग शून्य. उजाडलं तेव्हा तो अख्खा उतार काळा होता. त्या म्हाताऱ्याची जनावरं पावसाळा येईपर्यंत तिथंच चरायची. खाली उतरताना त्यानं पाचही जणांकडं नुसतं बघितलं आणि ताकाचं भांडं पुढं केलं. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. माफी मागायला पुन्हा जायचं असं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. नंतर कधीतरी कळलं की म्हातारा वारला.

११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणवा पेटला आणि त्यात वीसहून जास्त ट्रेकर गेले. ती बातमी टीव्हीवर बघताना मामा जेवणावरून उठला होता. मामीला वाटलं, पित्त झालं.

असो. शिव्या देऊन झाल्या. आता कामाचं.

जाऊ नकोस असं मामा म्हणत नाही. तुझा बाप असता तर तोही म्हणाला नसता. पंधराव्या वर्षी तुला भुदरगडावर घेऊन गेलेला तोच. शिखराच्या खाली शंभर पावलांवरून परत आलास, तर मुरगूडात कुणी हसणार नाही, आणि हसलं तर मामा बघून घेईल. पुण्यातून निघण्याआधी नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव, गाईडचं नाव, परतीची तारीख आक्काकडं लिहून दे. उद्यानाचा परवाना घे, त्याचे पैसे वाचवू नकोस. स्थानिक गाईड घेच, आणि पहिल्याच दिवशी त्याला सांग की तुझा शब्द शेवटचा. चॉकलेटचे कागद, पाण्याच्या बाटल्या, ते ओले टिश्यू, सगळं खाली घेऊन ये. बर्फाखाली गाडलेला कचरा उन्हाळ्यात त्यांच्याच शेतात उतरतो. आणि दाजीपूरच्या त्या गाडीवाल्याचा नंबर सरवड्याच्या पाहुण्यांकडं आहे. त्याला फोन कर. काय बोलायचं ते तुझं तू ठरव.

बुटांची काळजी करू नकोस. मामानं पैसे पाठवलेत, पाणी न शिरणारे, घोट्याच्या वर येणारे घे आणि आठवडाभर आधी घालून तळजाईवर चाल, नाहीतर फोड येतील. मामी शेंगदाण्याच्या पोळ्या करतेय. त्या थंडीत कडक होतील म्हणून तिनं तूप जरा जास्त घातलंय. मित्रांनाही दे. त्यांच्यावर राग नाही, पोरं चांगली दिसतात.

सांक्रीला पोचल्यावर एक फोन आणि खाली उतरल्यावर एक फोन, दोन्ही आक्काला. मामाला नाही केलास तरी चालेल, तो तिच्याकडून विचारून घेईल.

कळावे,
तुझा मामा

ता. क. आजी विचारतेय, मरून स्वेटर तोकडा झालाय का. व्हिडिओत मनगटं उघडी दिसली म्हणते. मापं कळव, लोकर आणून ठेवलीय.