दव आणि दिवा

दुर्बीण घेताना सगळी चौकशी आरशाच्या आकाराची होते. सहा इंची घ्यावी की आठ इंची, हे मलाही लोक विचारतात. चिखली तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात कित्येक हिवाळे दुर्बीण लावल्यावर माझं उत्तर ठरून गेलं आहे. आरसा कितीही मोठा घ्या, नळीच्या तोंडाची राखण झाली नाही तर पैसा वाया जातो. दव आणि परका उजेड दोन्ही त्याच तोंडातून आत शिरतात.

आमची दुर्बीण सहा इंची, आरशाची. पहिल्या पावसाळ्यात ती मूळ खोक्यात, फोममध्ये गुंडाळून कपाटात होती. दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढली, तर आयपीसच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले आणि आरशाच्या कडेला डाग. ही बुरशी. फोम ओल धरून ठेवतो आणि बंद अंधारात ती फोफावते. तिच्यातून पाझरणारं आम्ल आधी काचेवरचा लेप खातं, मग काच. ते आयपीस पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही.

त्याच हिवाळ्यात रस्त्याच्या कोपऱ्यावर पांढराशुभ्र एलईडी दिवा लागला. आमचा बुलढाणा जिल्हा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे देवयानी दीर्घिका नोव्हेंबरच्या रात्री जवळपास सत्तर अंश उंच चढते. एवढी डोक्यावर येऊनही तिचा धूसर विस्तार दिसेना, मधला गाभा तेवढा उरला.

उजेडाचा बंदोबस्त नळीच्या आतून सुरू करा. दिवसा सावलीत, सूर्याकडे पाठ करून, आयपीस काढा आणि फोकसरमधून, म्हणजे आयपीस बसतं त्या नळीतून, आत बघा. छोट्या तिरप्या आरशाच्या आजूबाजूला जे जे चकाकतं, तेच रात्री आयपीसमध्ये धुकट पडदा आणतं. सगळ्यात जास्त त्रास फोकसरच्या अगदी समोरच्या भागाचा. तिथे नुसता काळा रंग पुरत नाही, कारण तिरका पडलेला प्रकाश रंगावरून परावर्तित होतो. काळं मखमल चिकटवा, प्रकाश त्याच्या तंतूंत जिरतो. मग तोंडाला काळ्या फोमशीटची टोपी करा, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब. भिंगाच्या दुर्बिणीला ती दुहेरी उपयोगाची. उघड्या आकाशाखाली काच आपली उष्णता वर फेकते, आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते आणि दव धरते. टोपीने ही उष्णता कमी जाते, त्यामुळे दव उशिरा बसतं.

त्यानंतर परसाकडे वळा. दिव्याच्या बाजूला बांबू रोवून काळी ताडपत्री बांधा. शेडनेट लावायचं असेल तर दुपदरी लावा, एका पदरातून उजेड झिरपतो. समोरची चुन्याची पांढरी भिंतही दिव्याइतकीच घातक, तिच्यासमोर दुर्बीण मांडू नका. वाऱ्याला ताडपत्री शिडासारखी फुगते, म्हणून दोऱ्या ताणून बांधा आणि आडोसा दुर्बिणीपासून त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर ठेवा, म्हणजे पडला तरी तिच्यावर पडणार नाही. बघताना डोक्यावर काळं कापड घ्या. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झळकीने ती सगळी वाया जातात. टॉर्चला लाल कागद लावा.

बाहेरून आत नेण्याचाही एक क्रम आहे. थंड काच उबदार खोलीत उघडी नेली की तिच्यावर पाणी धरतं. म्हणून झाकणं बाहेरच लावा, आत तासभर थांबा, मग ती काढून ओल वाळू द्या आणि कोरडं झाल्यावरच पुन्हा झाका. पावसाळ्यात आयपीस घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की स्वयंपाकाला न वापरल्या जाणाऱ्या कढईत मंद आचेवर तापवा, ते पुन्हा कामाला येतात. आरसा कपड्याने कधीही पुसू नका, धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात. फार मळला तर डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि उभा ठेवून वाळवा.

आपल्याकडचे आणखी काही धोके. एप्रिल-मेमधली वावटळ आणि फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कधी येईल याचा नेम नसतो, तेव्हा ढग दिसले की दुर्बीण आत घ्या. गच्चीवर ठेवाल तर वानरं झाकण उचकटतात. फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या, नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. आणि दिवसा उघडी राहिलेली दुर्बीण म्हणजे आगीला आमंत्रण, सूर्यकिरण एकवटले की कडबा पेटायला वेळ लागत नाही.

हे सगळं केल्यावर मे महिन्यात दक्षिणेकडे बघा. नरतुरंगातला ओमेगा तारकागुच्छ इथून क्षितिजाच्या सुमारे 22 अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना तो दिसतच नाही. आपल्याला तो दिसतो, पण दक्षिण क्षितिज अंधारं असेल तरच. म्हणून दुर्बिणीच्या आधी गावच्या दिव्यांचं बोला. शेजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला विनंती करा की दिव्यांना वरून झाकण बसवा, प्रकाश खाली पाडा आणि पिवळसर दिवे लावा. निळसर पांढरा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. झाकलेल्या दिव्याखाली रस्ताही चांगला दिसतो, हे दाखवून दिलं की लोक ऐकतात.

उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर आपल्या जिल्ह्यात आहे. विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मग बुलढाण्याच्या प्रत्येक गावाने निदान एक कोपरा अंधारा का राखू नये? मोठ्या आरशासाठी पैसे जमवण्याआधी मखमलाचा तुकडा, फोमची टोपी आणि सिलिका जेल घ्या. एवढ्या किमतीत दुर्बिणीचा इतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही.