अभियंत्याची लेखणी आणि वाणी



मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर असून गेली वीस वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करतो. तेव्हा याने आम्हाला काय सांगावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. परंतु अभियंत्याने लिहिलेला कागद शेवटी वाचतो कोण? पुष्कळदा माझ्यासारखा माणूसच वाचतो. त्याला लेथ आणि मिलिंग यांतला फरक ठाऊक नसतो, पण कागद पुढे सरकवायचा की परत करायचा, हे मात्र त्याच्या टेबलावर ठरते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्या शाखेत कर्जासाठी आला होता. मेकॅनिकलची पदवी प्रथम श्रेणीत मिळवलेली, वडील गिरणी कामगार. त्याला छोटे वर्कशॉप काढायचे होते. सत्तर पानांचा प्रकल्प अहवाल बांधून आणलेला. साहेबांनी पाने चाळली आणि विचारले, "महिन्याला किती जॉब निघतील? हप्ता कशातून भरणार?" मुलाने यंत्राच्या इतिहासापासून सुरुवात केली. मग इंग्रजीत बोलू लागला, मध्येच अडखळला, गप्प झाला. खरे म्हणजे जॉब किती, दर किती, हे सगळे अहवालात होते, एकोणपन्नासाव्या पानावर. साहेबांनी "नीट तयारी करून या" म्हणून कागद परत केले. मी शेजारच्याच टेबलावर होतो. "अरे, ते पान पहिले लाव," एवढे एक वाक्य मी त्याला सांगू शकलो असतो, सांगितले नाही. तो मुलगा पुन्हा आमच्या शाखेत आला नाही. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

आपल्याकडे असा समज आहे की मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण म्हणजे इंग्रजी. अडचण आहे, नाही असे नाही. पण इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा त्या देशातही अभियंत्यांचे म्हणणे योग्य माणसापर्यंत पोचले नाही आणि सात माणसे प्राणास मुकली, ही हकिगत प्रत्येक विद्यार्थ्याने वाचली पाहिजे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ या शाळेतल्या शिक्षिकाही होत्या. यानाला जोडलेल्या घन इंधनाच्या बूस्टरच्या सांध्यांमध्ये रबराच्या ओ-रिंग बसविलेल्या असत. आपल्या कुकरच्या झाकणातली रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते, हे घरातल्या बाईला सांगावे लागत नाही. तसेच इथे झाले. थंडीने रबर ताठरले, सांधा वेळेवर बंद झाला नाही आणि आतला जळता वायू बाहेर आला.

हा धोका कोणाला माहीत नव्हता, असे नाही. बूस्टर बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतील अभियंते रॉजर बोझोले यांनी ३१ जुलै १९८५ रोजी, म्हणजे सहा महिने आधी, आपल्या वरिष्ठांना लेखी कळविले होते की या सांध्यामुळे माणसांचे जीव जाऊ शकतात. उड्डाणाच्या आदल्या रात्री तीन ठिकाणच्या लोकांची दूरध्वनीवरून बैठक झाली. अभियंत्यांनी घाईघाईत तेरा तक्ते तयार केले, बरेचसे हाताने लिहिलेले, आणि फॅक्सने धाडले. त्यांचा निष्कर्ष बरोबर होता: ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये. सकाळी तिथले तापमान अवघे २ अंशांच्या आसपास होते.

मग घोडे कुठे अडले? तक्त्यांमध्ये रिंग खराब झालेल्या उड्डाणांपैकी दोन ठळकपणे पुढे आली. एक थंडीतले, १२ अंशांचे. दुसरे सुमारे २४ अंशांचे. समोरच्याने लगेच म्हणावे, 'उन्हातही बिघडते, थंडीतही बिघडते, मग थंडीचा संबंध काय?' आकड्यांत सिद्ध करा, असा आग्रह झाला. बोझोले यांनी सांध्यांची छायाचित्रे पुन्हा दाखवली, जीव तोडून सांगितले. कंपनीच्या वरिष्ठांनी फोन बाजूला ठेवून अर्धा तास आपापसांत विचार केला आणि अभियंत्यांचा सल्ला फिरवला.

पुढे चौकशी आयोगाने आधीची सगळी चोवीस उड्डाणे एकत्र मांडली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमान असलेल्या वीस उड्डाणांपैकी फक्त तीनमध्ये रिंगला इजा झाली होती. ६३ अंश किंवा त्याहून कमी असलेली उड्डाणे चार. चारही वेळा इजा झालेली. म्हणजे दोन ओळींचा मजकूर. नुकसान न झालेली उड्डाणेही मोजायची, एवढेच करायचे होते.

मी इथे अभियंत्यांना दोष देत नाही. दोष निर्णय घेणाऱ्यांचा होता आणि आयोगानेही कंपनीचे व्यवस्थापन व नासा यांच्यावरच ठपका ठेवला. 'सगळी चूक तक्त्यांची' असे म्हणणाऱ्या विद्वानांशी मी सहमत नाही. ज्याला ऐकायचेच नसते त्याला कितीही सुंदर तक्ता दाखवा. पण ऐकायला तयार असलेला एखादा तरी त्या बैठकीत असेल, त्याच्या हाती त्या दोन ओळी असायला हव्या होत्या.

त्याच आयोगात रिचर्ड फाइनमन हे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ होते. ११ फेब्रुवारी १९८६ च्या जाहीर सुनावणीत त्यांनी रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. काही वेळाने बाहेर काढून चिमटा सैल केला. रबर काही सेकंद दबलेलेच राहिले. साऱ्या देशाला कळले. वक्तृत्व म्हणतात ते हेच, टाळ्या घेणे नव्हे.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही बांधकामावर कनिष्ठ अभियंता आहात आणि क्यूब टेस्टचा निकाल कमी आला आहे. आपल्या सवयीप्रमाणे पत्र असे जाते: 'सदर चाचणीचे निकाल काहीसे असमाधानकारक आढळून आले असून याबाबत योग्य ती दखल घेण्यात यावी.' हे वाक्य मी ओळखतो, कारण सरकारी आणि बँकेच्या कागदांत मीच ते शेकडो वेळा लिहिले आहे. त्यात कोणी, काय, कधी करायचे, हे कुठेच नाही. उद्या स्लॅब कोसळला तर 'मी कळवले होते' म्हणायला मात्र ते उपयोगी पडते. त्याऐवजी असे लिहा:

'दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे सेंटरिंग उद्या काढू नये. ७ दिवसांच्या तीन क्यूबची सरासरी ताकद ९ न्यूटन प्रति चौ.मि.मी. भरली, एम-२० काँक्रीटची या वयाला साधारण १३ अपेक्षित असते. २८ दिवसांचा निकाल येईपर्यंत टेकू तसेच ठेवावेत.'

काय करू नये ते पहिल्या वाक्यात आले, आकडा आला, एकक आले, आकडा कशाशी ताडून पाहायचा तेही आले. हेच इंग्रजीत करायला किती इंग्रजी लागते? तीन साधी वाक्ये. मराठीत ज्याला ही तीन वाक्ये सुचत नाहीत, त्याला इंग्रजीतही सुचणार नाहीत. म्हणून आधी मराठीत लिहून काढा. यात कमीपणा नाही. २०२१ साली तर तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली.

व्हायवाबद्दल थोडेसे. वरच्या वर्गातल्या मुलाचे जर्नल उतरवून काढायचे, ब्लॅक बुक जुन्या प्रकल्पावरून करायचे, ही रीत जुनी आहे. आता मोबाईलवर यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याची तिच्यात भर पडली. इंग्रजी निर्दोष असते. पण बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न अहवालातला विचारतो आणि दुसरा 'असेच का केले?' असा विचारतो. तिथे स्वतःच्या हाताने लिहिलेला माणूसच तग धरतो. माहीत नसेल तर 'माहीत नाही, पण अमुक मोजून सांगता येईल' असे म्हणावे.

संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी फळा आणि खडू मोकळे असतात. माझी सूचना अशी की दर खेपेस एका विद्यार्थ्याने आपला प्रकल्प पाच मिनिटे मराठीत आणि मग पाच मिनिटे इंग्रजीत सांगावा. समोर वर्गमित्र नकोत, ते 'समजले' म्हणून मोकळे होतात. समोर महिला मंडळातल्या दोन मावश्या, एक निवृत्त पोस्टमन आणि मी, असे बसू. ज्याने त्याने एक पान लिहून आणावे आणि जमल्यास एखादी वस्तू: स्प्रिंग, वॉशर, जळालेला फ्यूज, काहीही. प्रश्न आम्ही विचारू. पहिल्या रविवारी कोणी येवो न येवो, मी दहा वाजता तिथे असेन.