‘आमच्याकडे सगळं ग्रीन आहे, सर’

व्हर्च्युअल मशिनवरचे अपडेट आपोआप व्हायला माझा विरोध कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या प्रकारानंतर आमच्याकडे ‘यांना ऑटोमेशनच नको होतं’ अशी हवा केली गेली. मला नको होता तो कारभार. काम दुसऱ्याचं, ॲक्सेस दुसऱ्याकडे आणि फोन मात्र मला.

भोसरीत आमचा कारखाना, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. सर्व्हर सांभाळायचं काम एएमसीवर एका व्हेंडरला दिलं तेव्हा व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरवर माझ्याकडे फक्त बघण्यापुरता ॲक्सेस उरला. त्यांनी स्क्रिप्ट बसवली. शनिवारी रात्री प्रत्येक व्हीएमचा स्नॅपशॉट घ्यायचा, अपडेट मारायचे, रिस्टार्ट करायचं आणि सगळं नीट झालं तर स्नॅपशॉट काढून टाकायचा. सोमवारी सकाळी हिरव्या चौकोनांचा रिपोर्ट मेलवर. मॅनेजमेंट खूष.

सगळी गोम त्या ‘नीट झालं तर’मध्ये होती. आमच्या ईआरपीचा डेटाबेस सेंटओएस 7 वर. त्याची मुदत 30 जून 2024 ला संपली आणि त्यानंतर त्यातलं अपडेट आणणारं ‘यम’ पॅकेजं शोधायला ज्या मिररलिस्टकडे जातं तो पत्ताच बंद झाला. असं होणार हे मी मेलवर कळवलं होतं. उत्तर आलं, ‘नोटेड’. त्यानंतर दर शनिवारी स्नॅपशॉट निघायचा, यमला पत्ता सापडायचा नाही, स्क्रिप्ट तिथेच मान टाकायची आणि स्नॅपशॉट तसाच राहायचा. पुढच्या शनिवारी त्याच्यावर आणखी एक. रिपोर्टातला हिरवा चौकोन एवढंच सांगायचा की जॉब सुरू झाला होता. तो पार पडला का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

महिनाअखेरीला डिस्पॅचमधून फोन आला, ‘‘अहो साहेब, ई-वे बिल निघत नाहीये, गेटवर गाड्या लागल्यात.’’ परराज्यात जाणारा 50,000 रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय बाहेर काढता येत नाही. सरकारी पोर्टलवर ते हातानेही काढता येतं, पण त्यासाठी लागणारा इनव्हॉइसचा तपशील त्याच गोठलेल्या सर्व्हरवर.

व्हेंडरला फोन लावला. ‘‘आमच्याकडे सगळं ग्रीन आहे, सर. तुमच्या नेटवर्कचा इश्यू असेल. एकदा स्विच रिस्टार्ट करून बघता का?’’ इकडे माझ्यासमोर डेटाबेसच्या व्हीएमवर सरळ प्रश्न आलेला: व्हर्च्युअल डिस्कला जागा उरलेली नाही, जागा करून पुन्हा प्रयत्न करायचा, की रद्द करायचं? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचाही अधिकार मला नव्हता. शेवटी त्यांच्या इंजिनिअरला स्क्रीन शेअर करायला लावली आणि म्हटलं, डेटास्टोअरवरचा त्या व्हीएमचा फोल्डर उघड.

वर मूळ डिस्क. खाली तिच्याच नावाची फाईल, शेवटी 000001. मग 000002. मग 000003. तो मुलगा खाली खाली जात राहिला. ‘‘तारखा बघ,’’ म्हटलं. एकजात शनिवार रात्रीच्या. थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग ‘‘सर, हे बहुतेक स्क्रिप्टचे आहेत,’’ आणि फोन म्यूट. म्यूट उठला तेव्हा त्याचा मॅनेजर लाइनवर होता आणि विषय निघाला होता आमचं स्टोरेज कसं अपुरं आहे याचा.

डेटास्टोअर 75 टक्के भरला की व्हीसेंटर पिवळा इशारा देतं, 85 टक्क्यांना लाल. ठरवून काही बदललं नसेल तर हे आपोआप होतं. आमच्याकडेही झालं होतं. इशाऱ्याच्या मेल जात होत्या व्हेंडरच्या एका माणसाला, आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

अशा वेळी हाताशी असावी अशी एक गोष्ट सांगतो. जागा संपलेली असताना घाईने सगळे स्नॅपशॉट एकदम पुसायला जाऊ नका. चालू मशिनवर ते विलीन करतानाही जागा लागते. आधी एखादी बिनमहत्त्वाची व्हीएम बंद करा. तिला दिलेल्या रॅमएवढी स्वॅप फाईल डेटास्टोअरवर असते, ती मशीन बंद केल्यावर जाते. आमची टेस्टिंगची व्हीएम 16 जीबीची होती. तेवढ्या जागेवर डेटाबेसने श्वास घेतला, गाड्या सुटल्या. रात्री तो बंद करून सर्वांत जुन्या स्नॅपशॉटपासून एकेक विलीन केला. हे मी फोनवर सांगत होतो आणि एएमसीचे पैसे घेणारे टाइप करत होते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात फक्त त्यानंतरचे बदल असतात आणि तेही त्याच स्टोरेजवर. व्हीएमवेअर 32 पर्यंत साखळी करू देतं, पण त्यांचाच सल्ला दोन-तीनच्या वर जाऊ नका, 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका असा आहे. परांची बांधणाऱ्यानेच ती सोडायची असते, तसं ज्या स्क्रिप्टने स्नॅपशॉट घेतला तिनेच, अपडेट फसला तरी, त्याची विल्हेवाट लावायची किंवा मोठ्याने ओरडायचं. आणि नवा घेण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: जुना शिल्लक आहे का, जागा किती आहे. उत्तर बरं नसेल तर त्या मशिनला हात लावायचा नाही.

उबुंटूवाल्यांना वेगळा इशारा. अनअटेंडेड अपग्रेड्स नवा कर्नल बसवतं, पण सांगितल्याशिवाय रिस्टार्ट करत नाही. म्हणजे रिपोर्टात ‘पॅच्ड’ आणि प्रत्यक्षात जुनाच कर्नल चालू. बसलेली आवृत्ती नव्हे, चालू असलेली विचारा. डेटाबेसची पॅकेजं होल्डवर टाका आणि दिवसाढवळ्या, माणूस समोर बसवून अपडेट करा. सगळ्या मशिनींवर एकदम काहीही सोडू नका. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभर गेली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशिनी आडव्या झाल्या आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. आधी टेस्टिंग, मग थोड्या, मग बाकीच्या. बॅकअप घ्या, तो परत चढवूनही बघा. हे सगळ्यांनाच माहीत असतं म्हणा.

आमच्या वरिष्ठांनी त्या रात्री हुकूम काढला, ‘ऑटो अपडेट बंदच करा.’ त्यालाही विरोध मीच केला. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे 2017 मध्ये आला, त्यावरचा पॅच मार्चमध्येच निघाला होता. न लावणाऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

व्हेंडरच्या अहवालात कारण लिहिलं होतं, ‘ग्राहकाकडील स्टोरेज क्षमता अपुरी.’ सोबत नव्या स्टोरेजचं कोटेशन. माझी ती ‘नोटेड’वाली मेल मी उत्तराला जोडली, तेव्हा कुठे वाक्य बदललं. तेव्हा मेल पुसू नका. इशाऱ्याच्या यादीत तुमच्या घरची निदान दोन माणसं असू द्या. करारावर सही करण्याआधी व्हेंडरकडून लेखी घ्या की रिपोर्टातला हिरवा चौकोन नेमकं काय झाल्यावर हिरवा होतो. आमचं एएमसी यंदा त्यांच्याकडेच रिन्यू झालं आहे, आणि तो डेटाबेस अजून सेंटओएस 7 वरच आहे.