शिरेंतून दिलेलें आणि तोंडानें घेतलेलें औषध

जुन्नर-आंबेगांव भागांत उंसांत किंवा भातखाचरांत सर्पदंश झाल्याचें कोणीं ऐकलें नाहीं? रुग्णास तातडीनें रुग्णालयांत नेतात आणि तेथें प्रतिविष, ज्यास लोक सापाची लस म्हणतात, तें शिरेवाटें देतात. आपल्या देशांतील हें औषध घोड्याच्या रक्तापासून करतात व तें नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषावर चालतें. मग तें पाजलें तर? तें प्रथिन असल्यामुळें अन्नासारखें पचून जाईल. रक्तांत जवळजवळ कांहींच पोंचणार नाहीं.

घेतलेल्या औषधाचा जो अंश न मोडतां रक्ताभिसरणांत पोंचतो, त्यास निरपेक्ष जैवउपलब्धता म्हणतात. शिरेंतून दिलेलें सारेंच औषध रक्तांत उतरतें, म्हणून तेथें ती १०० टक्के धरतात. डिंभें धरणाच्या डाव्या कालव्यानें येडगांवाकडे सोडलेलें पाणी वाटेंत कांहींसें जिरतें, तसेंच गोळीचें होतें. कांहीं भाग आंतड्यांतून शोषलाच जात नाहीं. कांहीं यकृत पहिल्याच फेरींत मोडून टाकतें. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलोलचा तर सुमारें चौथा हिस्साच पुढें जातो.

हें मोजावयाचें कसें? ठराविक वेळांनीं रक्त तपासून औषधाच्या प्रमाणाचा आलेख काढावा व त्याखालील क्षेत्रफळ मोजावें. लागोपाठच्या दोन तपासण्यांमधील पट्टी म्हणजे भूमितींतील समलंब चौकोनच. पहिल्या तासास प्रमाण ८ व तिसऱ्या तासास ४ असेल, तर त्यांची सरासरी ६. तीस २ तासांनीं गुणून क्षेत्रफळ १२. अशा पट्ट्यांची बेरीज करून शेवटच्या तपासणीनंतर उरणारें शेपूटही अंदाजानें मिळवावें लागतें.

समजा, एका औषधाचे १०० मिलिग्रॅम शिरेंतून दिले व क्षेत्रफळ ४० आलें. कांहीं दिवसांनीं, पहिलें औषध शरीरांतून पूर्ण गेल्यावर, त्याच मनुष्यास २५० मिलिग्रॅमची गोळी दिली व क्षेत्रफळ ६० आलें. उतावळा विद्यार्थी ६० ला ४० नें भागून १५० टक्के सांगतो! सोडल्याहून अधिक पाणी शेतांत पोंचेल काय? दोन्ही मात्रा सारख्या नाहींत, हें तो विसरला. ६० भागिले २५० म्हणजे ०.२४, ४० भागिले १०० म्हणजे ०.४०, आणि ०.२४ भागिले ०.४० म्हणजे ०.६, अर्थात् ६० टक्के. त्रैराशिकानें पडताळा पाहावा: १०० मिलिग्रॅमला ४०, तर ६० कितीला? १५० ला, आणि २५० पैकीं १५० म्हणजे ६० टक्केच.

आतां ह्याच रुग्णाचें शिरेंतील १०० मिलिग्रॅम बंद करून गोळी सुरू करावयाची असेल, तर तेवढेंच औषध रक्तांत पोंचण्यास सुमारें १६७ मिलिग्रॅम लागतील. कागदावर १०० च लिहिले, तर त्याला मिळतील ६०.