बासरीत गुणगुणणारे रोलँड कर्क

एखादं मूल बासरीत फुंकता फुंकता घशातून आवाज काढू लागलं, तर आपण लगेच म्हणतो, "नीट वाजव!" त्याआधी रोलँड कर्क ऐका.

कर्क अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे, जन्म १९३५. दृष्टी अगदी लहानपणीच गेली. सॅक्सोफोनवादक म्हणून ते जास्त ओळखले जातात, पण मुलांना ऐकवावी ती त्यांची बासरी. फुंकताना ते गुणगुणत, मध्येच बोलतही. मग बासरीचा आणि गळ्याचा असे दोन सूर एकमेकांत घासून एक खरखरीत, जिवंत आवाज निघतो. १९६४ च्या 'आय टॉक विथ द स्पिरिट्स' या ध्वनिमुद्रिकेत तो भरपूर आहे. नाकाने वाजवायची बासरीसुद्धा त्यांनी सोडली नाही!

मान्झेलो, स्ट्रिच ही सॅक्सोफोनच्या जातीची विसरलेली वाद्यं त्यांनी जवळ केली. तीन वाद्यं गळ्यात अडकवून एकदम वाजवत. काहींना ती सर्कस वाटे. मला नाही वाटत. नीट ऐकलं तर एकटा माणूस तीन जणांचा स्वरमेळ साधतोय हे कळतं. ब्लूज, चर्चमधली गाणी, रेडिओवरची गाणी, काहीच वर्ज्य नव्हतं. १९७५ मध्ये पक्षाघात झाला, तरी वाद्यांत बदल करून १९७७ मधल्या मृत्यूपर्यंत ते एका हाताने वाजवत राहिले.

वर्गात मुलांना रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारू द्या. सूर लागला की फुंकतच गुणगुणायला सांगा. दोन सूर अगदी जवळ आले की आवाज थरथरतो. विज्ञानाच्या तासालाही हे चालेल. फक्त शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.