दोन वर्षांचे मूल आणि घरातील टीव्ही

दिव्य कुरआनातील सूरह अन्-नहलच्या 78 व्या आयतीत अल्लाहने मानवाला त्याच्या आरंभाची आठवण करून दिली आहे. आईच्या उदरातून बाहेर येताना त्याला काहीच ठाऊक नव्हते. मग त्याला श्रवण, दृष्टी व हृदय देण्यात आले, यासाठी की त्याने कृतज्ञ व्हावे. येथे श्रवणाचा उल्लेख दृष्टीच्या आधी आहे. तान्हे मूल प्रथम आईचा आवाज ओळखते, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

मुलांच्या टीव्हीविषयी विचारले जाणारे प्रश्न बहुधा कार्यक्रमांबद्दल असतात: अमुक कार्टून चालेल का, त्यातील संगीताचे काय, इस्लामी कार्टून लावले तर? मोठ्या मुलांच्या बाबतीत हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु दीड वर्षाच्या बाळाच्या बाबतीत पडद्यावर काय आहे यापेक्षा पडदा चालू आहे, हाच मुख्य प्रश्न होय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची मर्यादा असावी, तीही जितकी कमी तितकी बरी. (सूरह अल्-बकराच्या 233 व्या आयतीत स्तनपानाचा पूर्ण काळही दोन वर्षांचाच सांगितला आहे. त्यावरून मी कोणताही धार्मिक निर्णय काढत नाही. हे वय आईच्या सान्निध्याचे आहे, एवढेच सुचवतो.)

कारण समजण्यास अवघड नाही. मूल भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. ते 'बाबा' म्हणते, कोणीतरी वळून पाहते, हसते, उत्तर देते. पडदा अखंड बोलतो, पण बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही. शिवाय टीव्ही चालू असला की घरातील मोठ्यांचेही बोलणे आटते.

हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक लहानसा पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी येत, तेव्हा त्या बालकाला त्याच्या पक्ष्याविषयी विचारत. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उम्मतचा भार वाहणाऱ्या प्रेषितांनी (स.) एका पोराच्या चिमणीची विचारपूस करावी, याचा विचार त्या पित्याने करावा, जो कामावरून येताच रिमोट हाती घेतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. टीव्ही बंद करताना आपण सर्रास म्हणतो, "बिघडला", "लाईट गेली", "उद्या लावू". अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांच्या बालपणाचा प्रसंग आहे. आईने त्यांना 'ये, तुला काही देते' म्हणून हाक मारली. प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, काहीच दिले नसते, तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. मुलाला थोडे रडू द्यावे, पण बिघडलेल्या टीव्हीची खोटी सबब सांगू नये.

याचा सारा दोष मातांवर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. भिवंडी-मुंब्र्याच्या एका खोलीच्या घरात चुलीवर उकळते कालवण आणि पायाशी रांगणारे बाळ असताना ती टीव्ही लावते, ते बाळ भाजू नये म्हणून. प्रत्येक जण राखणदार आहे व त्याला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, या प्रसिद्ध हदीसमध्ये पुरुषाचा उल्लेख त्याच्या कुटुंबाचा राखणदार म्हणून वेगळा आला आहे. म्हणून मगरिबनंतर, स्वयंपाकाच्या वेळी, बाळ पित्याने उचलावे. प्रेषितांनी (स.) आपली नात उमामा हिला नमाजमध्येही अंगावर घेतले होते. आजी-आजोबांची मालिका असेल, तर ती बाळ झोपल्यावर पाहण्याची त्यांना आदराने विनंती करावी. घास मात्र टीव्हीसमोर भरवू नये. पोट भरल्याचे बाळाला कळतच नाही. दस्तरखानावर सर्वांसोबत बसवावे, मोठ्याने बिस्मिल्लाह म्हणावे आणि सांडले तर सांडू द्यावे.